ट्रॅक्टर नवा, रोटाव्हेटर रंगवलेला

आधीच सांगते, ट्रॅक्टरबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. २४ एचपीचा, फोर व्हील, द्राक्षाच्या नऊ फुटी पट्ट्यात आरामात वळतो. आम्हाला फसवलं ते त्याच्या मागं जोडायच्या अवजारांत. दिंडोरी-निफाडकडं चौकशी केली तेव्हा कळलं की हा उद्योग बराच चालतो आणि तो अवजारांतच चालतो. ट्रॅक्टरची किंमत चार शोरूमला विचारता येते, इंजिन आणि चेसिसचा नंबर आरटीओत चढतो, बँक स्वतः कागद बघते, म्हणून तिथं हात मारायला जागा नसते. रोटाव्हेटरला, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराला, ना पासिंग, ना विमा. तो पिकअपमधून येतो, आपण हळदीकुंकू वाहतो, नारळ फोडतो आणि रानात घालतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्यामुळे शोरूमला जत्रा भरली होती. मी आणि माझे दीर गेलो. सेल्समन मला ताई म्हणायचा आणि उत्तरं मात्र दिरांकडं बघून द्यायचा. त्यानं व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि औषध फवारायचा ब्लोअर मिळून एकच आकडा लिहिला. मी तिन्हींची वेगळी किंमत मागितली.

"पॅकेज आहे ताई. फोडून घेतलं तर तुम्हालाच महाग पडेल."

सगळा खेळ या एका वाक्यात होता. किंमत फोडली असती तर रोटाव्हेटरला नव्याचा भाव लावलाय हे कागदावर आलं असतं. कमी झालेला कर कुठल्या वस्तूवर किती उतरला तेही दिसलं असतं. एका आकड्यात सगळं कोंबलं की कशाचा भाव काय, हे देवालाही सांगता यायचं नाही.

दुसरं आमिष अनुदानाचं. "ताईंच्या नावावर घेऊ, ५० टक्के मिळतात, त्यात ब्लोअर फुकट पडतो." टक्केवारी खरी आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, बाकीच्यांना ४०. पण ठरवून दिलेली कमाल रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच मिळते. त्यानं जे गिळलं ते पुढचं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग कागदपत्रं, मग पूर्वसंमती आणि खरेदी त्यानंतर. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असेल तर प्रकरण तिथंच संपतं. आमचं बिल दसऱ्याचं आणि अर्ज त्याच्या पोरानं भरला दिवाळीनंतर. कृषी सहायकांनी दोन्ही तारखांवर बोट ठेवलं आणि कागद परत दिले. त्यांचं काही चुकलं नाही.

आता रोटाव्हेटर. साडेतीन फुटी, नावाजलेल्या कंपनीचा, सरकारमान्य संस्थेच्या टेस्ट रिपोर्टची झेरॉक्ससुद्धा सोबत. मापात तो बरोबरच होता. मिनी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा अरुंद असला तर चाकोरी तशीच दाबलेली राहते. फार रुंद घेतला तर इंजिन दम टाकतं, कारण २४ एचपी हा इंजिनचा आकडा, पीटीओला, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, त्याहून कमी पोचतो. हे सगळं त्या सेल्समननं इतकं नीट समजावलं की आम्ही त्याला भला माणूस समजलो. अजूनही वाटतं, धंद्याची जाण त्याला उत्तम होती.

गोडी छाटणीनंतर, म्हणजे द्राक्षाचं फळ धरायच्या छाटणीनंतर, शेणखत मिसळायला रोटाव्हेटर घातला. थोडं चालल्यावर थरथर सुरू झाली आणि गिअरबॉक्सजवळ कर्कश आवाज यायला लागला. गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी पाती काढली. पाती कोरी होती, त्यांवर कंपनीचा तेलकट थरसुद्धा तसाच. पण पाती जिथं बसतात त्या फ्लँजची भोकं गोल नव्हती, घासून लांबट झालेली. बोल्ट हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाड वायसर कोंबलेले. बाजूच्या पट्टीला खालून हात लावला तर ती जमिनीवर घासून पातळ झालेली, धार लागलेली आणि त्या धारेवर ताजा लाल रंग. साइड कव्हर उघडलं तेव्हा आतल्या कडेला जुना, फिकट पडलेला लाल रंग आणि त्यात बसलेली पांढरट चिकणमाती. आमची जमीन काळी आहे. ती माती आमच्या रानातली नव्हती.

मग मिस्त्रींनी पीटीओ शाफ्टचा बोल्ट दाखवला. तिथं मुद्दाम तुटणारा नरम बोल्ट असतो. पात्यात दगड अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आमच्या शाफ्टला बसवलेल्या बोल्टच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं होतं, म्हणजे अतिकडक. जुना गिअरबॉक्स वारंवार जड जाऊन नरम बोल्ट तोडत असेल आणि गिऱ्हाईक लगेच परत येऊ नये म्हणून हा बसवला असेल, असा मिस्त्रींचा अंदाज. दगड लागला असता तर धक्का थेट ट्रॅक्टरच्या पीटीओपर्यंत गेला असता. ट्रॅक्टरची वॉरंटी मागायला गेलं की कंपनी आधी विचारते, मागं काय लावलं होतं.

कंपनीची पाटी होती, पण तिच्यावरूनही ब्रश फिरवलेला. रॉकेलचा बोळा फिरवल्यावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि उत्पादन वर्ष २०२३ उघडं पडलं. बिलात सिरीयल नंबरच्या रकान्यात आडवी रेघ होती. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून नंबर सांगितला. उत्तर आलं की या मशीनची वॉरंटी आधीच दुसऱ्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या नावानं सुरू होऊन संपलेली आहे. हेच ईमेलवर लेखी मागून घेतलं. आमच्या हातात आलेला सगळ्यात भक्कम कागद तोच.

शोरूमला गेलो तर मालक म्हणाले, "डेमोचं मशीन चुकून आलं असेल." डेमोचं मशीन चुकून रंगत नाही.

ब्लोअरचं थोडक्यात सांगते. तोंडी "इटालियन पंप", बिलात नुसतं "ब्लोअर १ नग". पंपावर कुठल्याच देशाचं नाव नाही. शिवाय दिला तो ट्रॅक्टरनं मागं उचलून धरायचा, ४०० लिटरचा. टाकी भरली की ४०० किलो पाणीच झालं, वर पंखा, पंप आणि सांगाडा. ट्रॅक्टरच्या लिफ्टची ताकद ७५० किलो लिहिलेली असते ती जोडणीच्या टोकाशी. वजन त्याच्या मागं लटकलं की ती घटते आणि नाल्याकडच्या चढाला पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. द्राक्षवाल्यांनी चाकांवर ओढायचा ब्लोअर बघावा. शोरूमकडं तो शिल्लक नव्हता, हे पुढं त्यांच्याच गोडाऊनवाल्यानं सांगितलं.

आता आम्ही काय केलं ते. पाटी, भोकं आणि बोल्ट यांचे फोटो टेप लावून काढले, मशीन पुन्हा रानात घातलं नाही आणि दुकानाला रजिस्टर पोस्टानं नोटीस दिली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नोटिशीच्या उत्तरात त्यांच्या वकिलानं लिहिलं की ही व्यावसायिक खरेदी आहे, तुम्ही ग्राहकच नाही. ही धमकी बऱ्याच जणांना गप्प बसवते, म्हणून लिहिते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरलेली नाही. व्यवहार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये.

आयोगात अर्ज दाखल झाल्याचं कळल्यावर शोरूमचा टेम्पो रोटाव्हेटर बदलून द्यायला आला. सोबतच्या पावतीवर "ग्राहकाची कोणतीही तक्रार राहिलेली नाही" असं छापलेलं होतं. मी ती ओळ खोडली, खाली "फक्त रोटाव्हेटरपुरतं" असं लिहून सही केली आणि टेम्पो उभा असतानाच नव्या मशीनचा नंबर कंपनीला फोनवर वाचून दाखवला. या वेळी तो कोणाच्याही नावावर नव्हता.

कुणी सध्या घेणार असेल तर प्रत्येक अवजाराचं कोटेशन वेगळं घ्या आणि त्यावर मॉडेल लिहून घ्या. बिलावर सिरीयल नंबर चढल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. सेल्समन म्हणेल की सिस्टीममध्ये तो रकानाच नाही. पेनानं लिहून शिक्का मारायला सिस्टीम लागत नाही. अनुदानाचा ओटीपी कुणालाही सांगू नका, अर्ज आपल्याच मोबाईलवरून भरा. आणि मशीन उतरवून घेताना खाली वाकून पट्टीच्या तळाला हात लावा, वरचा रंग कुणीही देऊ शकतो.

ब्लोअरच्या पंपाचं आणि बुडालेल्या अनुदानाचं प्रकरण आयोगात चालू आहे. मालकांचा मधून मधून फोन येतो, "ताई, बसून मिटवू." मी त्यांना सांगते, लेखी पाठवा.