भुसावळचा होमस्कूल गट : एकटीने की मिळून?

घरीच शिकवायचं हे आम्ही प्रार्थना करून ठरवलं होतं. प्रश्न होता एकटीने की गटात. गटातच या, असं मी सांगेन. भाषा, गणित मी घेते, पण विज्ञान मला झेपत नाही. ते इथे रेल्वेत काम करणारे एक भाऊ शिकवतात. हिवाळ्यात हतनूर धरणावर त्यांनी पोरांना दुर्बिणीतून चक्रवाक दाखवले, तापी-पूर्णेचा संगम वहीत काढून घेतला. माझ्या लेकीने पक्षी रंगवताना अख्खा नारिंगी खडू संपवला! सुरुवात बायबलवाचनाने, पाठांतर मराठीतूनच. पत्र्याच्या हॉलमध्ये उन्हाळ्यात दुपारचे वर्ग मात्र नकोत. आईवडिलांपैकी एकाला थांबावंच लागतं, दोघं नोकरीला असाल तर अवघड आहे. दहावी एनआयओएसमधून (घरी शिकणाऱ्यांनाही परीक्षा देता येणारं केंद्राचं मुक्त शाळा मंडळ), वय १४ पूर्ण लागतं, जन्मदाखला आधीच काढून ठेवा.