केवायसीची चिठ्ठी निघत नसते

लाडकी बहीणच्या केवायसीच्या नावाखाली एका माणसानं आमचे अंगठे घेतले आणि खात्यातले पैसे काढून नेले. आकडे आधीच सांगून टाकते, म्हणजे "किती गेले गं?" हे विचारणं थांबेल. माझे ७,४००. मोठ्या जाऊबाईंचे १३,५००. सासूबाईंचे ६,०००. वर त्या माणसाला कामाचे म्हणून आम्हीच हातानं मोजून दिलेले ४००. शिवाय लाडकी बहीणचे माझे दोन हप्ते, ३,०००, जे सरकारनं पाठवले आणि माझ्याच नावाच्या पण मी कधी न उघडलेल्या खात्यात जाऊन पडले. एकूण ३०,३००. आमच्या बचत गटातल्या आणखी बायकांचेही गेलेत, पण त्यातल्या काहींनी घरी सांगितलेलंच नाही, म्हणून त्यांचे आकडे लिहीत नाही.

अंगठ्यावर पैसे काढायचा हा खेळ कसा चालतो ते तुम्ही ऐकलं असेलच. मीही ऐकलं होतं. मी बारावी झालेली, बचत गटाची सचिव, दर महिन्याचा हप्ता आणि व्याज माझ्या हातानं लिहिते. म्हणूनच लोकांना जास्त गंमत वाटते आहे. वाटू दे. ज्यांना गंमत वाटते त्यांच्या घरच्या आधारला आज कुठलं खातं जोडलंय हे त्यांनी एकदा बघून यावं, मग बोलू.

हे झालं ई-केवायसीच्या गडबडीत. २०२५च्या सप्टेंबरात आदेश निघाला की प्रत्येक बहिणीनं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करायची, स्वतःचं आधार आणि सोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं. मुदत दोन महिन्यांची. साइट दिवसा उघडायची नाही. रात्री उघडली तर ओटीपी यायचा नाही, आणि आला तोवर साइट परत बसलेली. आमचे हे ट्रकवर. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी यायचा तेव्हा ते कुठल्यातरी घाटात, रेंज नाही. जाऊबाईंचं तर त्याहून अवघड. दीर वारले, जाऊबाईंचे वडीलही नाहीत, आणि साइट मागतेय नवरा नाहीतर वडील. बाईनं कुणाचं आधार आणायचं? नंतर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, अशा बायकांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा अशी सोयही झाली. पण ते नंतर. तेव्हा गावात एकच वाक्य फिरत होतं: केवायसी नाही तर नाव कट.

त्या भीतीवरच तो माणूस येऊन बसला. भाड्याचा गाळा, बाहेर योजनेच्या नावाचा बॅनर, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो आणि मोठ्या अक्षरात 'अधिकृत'. गळ्यात ओळखपत्र. केवायसीचे दीडशे, सासूबाईंच्या श्रावणबाळ पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचे शंभर. जाऊबाईंची अडचण सांगितली तर म्हणाला, "विधवांचं आपल्याकडे होतं ताई, आपलं लॉगिन वेगळंय." वेगळं लॉगिन, वरची ओळख, आतली सेटिंग, यातला एक शब्द जरी कानावर पडला तरी उठून चालू लागा. पैसे दिले असतील तर ते सोडून द्या, दीडशेवर सुटाल.

आता ती गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. त्यानं जाऊबाईंचा अंगठा मशीनवर घेतला. "उठत नाही ताई, भांडी घासून रेषा गेल्यात." पदरानं पुसायला लावला. परत घेतला. मग दुसरं बोट. मग बाजूच्या छोट्या मशीनमधून टर्र करून एक पांढरी चिठ्ठी बाहेर आली. त्यानं ती फाडली, न बघता चुरगळली आणि शर्टाच्या खिशात कोंबली. मी समोर उभी होते. मी विचारलंसुद्धा, "दादा, ही कसली?" "एरर रिपोर्ट, ताई. सर्व्हर डाउन." त्यानंतर दुसरी निघाली, ती पण खिशात.

केवायसीची चिठ्ठी निघते का कधी? चिठ्ठी निघते पैसे काढल्यावर. बँकमित्राकडे अंगठा देऊन पैसे काढले की हीच चिठ्ठी मी घेते, घडी करून पासबुकात ठेवते. त्या चिठ्ठीवर बँकेचं नाव, रक्कम, शिल्लक सगळं छापलेलं असतं. माझ्यापासून हातभर लांब, त्याच्या खिशात, जाऊबाईंचे पहिले १०,००० आणि मग ३,५०० छापून पडलेले होते. आणि दुसरं म्हणजे, या योजनेच्या ई-केवायसीला अंगठा लागतच नाही, ती ओटीपीवर होते. हे मला माहीत होतं, कारण आधी रात्र रात्र जागून मीच ओटीपीची वाट बघत बसले होते.

तरी एक विचारते. रेशनला अंगठा. सिमकार्डाला अंगठा. बँकेत अंगठा, पेन्शनीला अंगठा. आजवर "अंगठा कशाला?" असं विचारल्यावर कुणी धड उत्तर दिलंय का? "द्यायचा असेल तर द्या, मागे लाइन आहे," हेच ऐकलंय. अशी सवय लावून झाल्यावर "तुम्हाला कळायला हवं होतं" म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणि दीड हजारात काय होतं म्हणणाऱ्यांसाठी: जाऊबाईंचे ते १३,५०० म्हणजे बरोबर नऊ हप्ते. नऊ महिने एका पैशाला हात लावला नव्हता. पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं, म्हणजे लोकांच्या घरची भांडी सुटली असती. पैसे दर महिन्याला न चुकता येतात एवढ्या भरवशावरच त्यांनी पहिल्यांदा वर्षभराचा विचार केला होता. सासूबाईंचे सहा हजार म्हणजे चार महिन्यांचं श्रावणबाळचं, डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेलं.

कळलं कसं? माझा हप्ता आला नाही. वाटलं, केवायसी अडकली. तालुक्याच्या ऑफिसात गेले तर तिथल्या साहेबांनी स्क्रीन बघून सांगितलं, "पैसे जमा झालेत, मॅडम." पासबुक भरून आणलं. जमा काही नव्हतं, उलट गाळ्यात गेलो त्या दिवसाच्या तारखेला ७,४०० अंगठ्यानं काढलेले. मग आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय, ते बघितलं तर तिथे माझ्या बँकेऐवजी एका पेमेंट बँकेचं नाव. माझ्या अंगठ्यावर खातं उघडलं, मोबाइल नंबर त्याचा टाकला, आणि आधार त्या खात्याला जोडून घेतलं. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाही, आधारला शेवटचं जे खातं जोडलंय तिथे जातो. हे एकदा डोक्यात पक्कं बसवून ठेवा. ही युक्ती नवी पण नाही. २०१७ साली एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत लोकांची गॅसची सबसिडी त्यांना न कळता अशीच वळली होती आणि आधार प्राधिकरणानं तिचं ई-केवायसी काही काळ थांबवलं होतं. म्हणजे वर जे बसलेत त्यांना हे तेव्हापासून ठाऊक आहे.

आता साहेब लोकांची कथा. बँकेतला अधिकारी म्हणाला, "अंगठा तुमचाच आहे ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, अंगठा केवायसीला दिला, पैसे काढायला नाही. तो म्हणाला, आमच्या मशीनवर झालंच नाही, दुसऱ्या कंपनीच्या एजंटनं केलंय, तिकडे जा. तिकडे म्हणजे कुठे, ते माहीत नाही. मग म्हणाला, तीन दिवसांच्या आत यायचं होतं. हे ऐकून मात्र मी पेटले. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक होतं, आमच्या गटाच्या ताईनं मोबाइलवर काढून दिलं. तीन कामाचे दिवस मोजायचे ते बँकेची सूचना ग्राहकाला मिळाल्यापासून. मला मेसेज आलाच नाही, जाऊबाईंच्या खात्याला नंबरच जोडलेला नाही, सासूबाईंकडे मोबाइलच नाही. मग तीन दिवस कुठून मोजता? आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, हेही त्यातच लिहिलंय. त्यानं परिपत्रक हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाला, "एफआयआरची कॉपी आणा."

पोलीस ठाण्यात म्हणाले, बँकेचं पत्र आणा. बँक म्हणते आधी एफआयआर, पोलीस म्हणतात आधी पत्र. एकानं तर "किती? तेरा हजार? बाई, इथं तेरा तेरा लाखांचे पडून आहेत" असं तोंडावर ऐकवलं. त्यांच्या तेरा लाखवाल्याकडे त्यानंतरही घर असेल, साहेब. मग म्हणाले हे सायबरचं, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला विचारलं, "ओटीपी सांगितला का? लिंक दाबली का? नाही? मग हे सायबर कसं?" परत गावच्या ठाण्यात. तिथे आता हद्दीचा प्रश्न, कारण गाळा ज्या रस्त्यावर त्याची एक बाजू दुसऱ्या ठाण्याकडे. १ जुलै २०२४पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो तक्रार नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे. नाही घेतली तर लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली, त्यानंतर नोंद झाली. तोंडी भांडण्यात दिवस घालवू नका. जे काय असेल ते कागदावर, आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाची पावती हीच पोच.

१९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लगेच लावा, त्याच दिवशी, त्याच तासात. पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जातात ते तेव्हाच. आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला होता. व्यवहाराचा क्रमांक मागतात, तो पासबुकात धड छापत नाहीत, बँकेतून स्टेटमेंट मागून घ्या. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. कुणी "लोकपालात टाकून देतो, पाचशे द्या" म्हणालं तर तोही त्याच गाळ्यातला समजा.

आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आधारच्या अॅपमध्ये किंवा साइटवर होतं, पैसे पडत नाहीत, लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. मोबाइल आधारला जोडलेला हवा, नसेल तर आधी ते काम करा. माझं लॉक आहे, जाऊबाईंचं पण केलं. आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादीही तिथेच मागच्या सहा महिन्यांची दिसते. माझ्या यादीत त्या एका दुपारचीच रांग लागलेली होती.

माझी केवायसी शेवटी डिसेंबरात झाली. घरीच, ह्यांच्या सुट्टीत, दोन ओटीपी, दहा मिनिटं, शून्य रुपये. सीडिंग परत माझ्या बँकेत करून घेतलं. त्या पेमेंट बँकेतल्या खात्याचा हिशेब मागितला तर म्हणतात, नोंदवलेल्या मोबाइलवरून फोन करा. नोंदवलेला मोबाइल चोराचा!

गाळा आता बंद आहे. बॅनर मात्र शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या योजनेच्या नावानं लागलाय, गटातल्या एकीच्या माहेरी. तिथे फोन करून सांगितलं, बायका उठल्या म्हणे. पोलिसांना कळवलं, "बघतो" म्हणाले.

जाऊबाईंची आणि माझी लोकपालाकडची तक्रार नोंदली गेली आहे. सासूबाईंची अडकली. बँक म्हणते, अर्ज द्यायचा तर त्यांना प्रत्यक्ष घेऊन या, सही येत नाही तर आमच्यासमोर अंगठा उठवू दे. सासूबाई म्हणतात, सहा हजार गेले तर गेले, अंगठा मी आता कुणालाच देत नाही.