ब्लॅकवूड म्हणून रंगवलेलं लाकूड गळ्यात मारलं

मी सहा वर्षं लेथवर लाकडी पेन करतोय, नवखा नाही. तरी ११,४२० रुपयांना फसलो. लिहायला लाज वाटतेय, पण तो माणूस अजून विकतोय.

दहा पेनांची ऑर्डर होती, निवृत्त होणाऱ्या शिक्षकांसाठी. पिवळंधमक हेदाचं लाकूड आणि मधोमध काळ्या लाकडाची पट्टी. शिसव तपकिरी-जांभळट पडतो, हेदाशेजारी हवा तसा उठून दिसत नाही. मला काळंभोरच हवं होतं. व्हॉट्सअॅपवर एकाने आफ्रिकन ब्लॅकवूडचे ब्लँक, म्हणजे पेनासाठी कापलेले चौकोनी तुकडे, दाखवले. क्लॅरिनेट करतात ते लाकूड. पाण्यात तुकडा बुडतानाचा व्हिडिओही पाठवला. २४ नग, ४६० रुपयांना एक, कुरियर ३८०. यूपीआयवर आधी ६,०००, मग ५,४२० दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, हे लाकूड सायटिसमध्ये आहे, कागदांची भानगड असते, म्हणून तर स्वस्त देतोय." सायटिस म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावर नियम घालणारा आंतरराष्ट्रीय करार. ब्लॅकवूड २०१७ पासून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे हे मला माहीत होतं, म्हणून पटलं. उलट अशा लाकडाला कागद आधी हवेत. बिल नाही म्हणाला की फोन ठेवा.

आता जे आठवून रात्री झोप लागत नाही ते सांगतो. कुरियरच्या पावतीवर वजन छापलेलं होतं: १ किलो १०० ग्रॅम. ब्लँक २० बाय २० बाय १३० मिलिमीटरचा, म्हणजे ५२ घन सेंटिमीटर. ब्लॅकवूड पाण्याहून जड, एक नग साठ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. २४ नगांचे दीड किलो व्हायला नकोत? पावती माझ्या हातात होती हो! घरात स्वयंपाकाचा काटा आहे. वजन करा, दोन मिनिटं लागतात.

आडवा काप घेतला तेव्हा मधे राखाडी ठिपका दिसला होता. पण पेनाच्या नळीसाठी ७ मिलिमीटरचं भोक पाडलं की तो भाग भुश्यात जातो, आणि उरतं ते काळंच. पॉलिश पेपर मारल्यावर हेदात काळं उतरलं, तेही मी चालवून घेतलं, कारण कुठल्याही काळ्या लाकडाची भुकटी फिक्या लाकडाच्या रेषांत शिरतेच. माझ्या जागी तुम्हीही हेच म्हटलं असतं. ऑर्डरला चार दिवस उरले होते, दहाही पेन कातून झाले. मग स्पिरिटचं फडकं फिरवलं आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना निळसर-जांभळा रंग हेदात पसरला. खरं ब्लॅकवूडही स्पिरिटला थोडा रंग सोडतं, पण तपकिरी. निळा दिसला की समजा, डाय आहे. कोरा तुकडा आधीच पुसून बघा, चिकटवल्यावर नाही.

पेनाच्या आतल्या सुट्या भागांचे दहा किट गेले, ३,५०० रुपये. घेतलेले ९,००० अॅडव्हान्स परत केले. शाळेतल्या बाईंना फोन करताना शब्द फुटेना.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. "पार्सल मिळालं ना? लाकूडच निघालं ना? मग फसवणूक कसली?" वजनाचा हिशेब कागदावर मांडून दिला, तो वाचलाही नाही. तिसऱ्या खेपेला "ग्राहक मंचात जा". तिथे विक्रेत्याचा पत्ता मागतात. पत्ता असता तर मी इथे आलो असतो का? पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव म्हणून नुसता मोबाइल नंबर. सोने विकताना कस लावतात, मग लाकडाला कोणी विचारायचंच नाही? चार चकरा, अर्ध्या दिवसाच्या चार रजा, हातात पोचपावतीसुद्धा नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, वजनाच्या काट्यासकट. माझ्याकडे तोही नव्हता.

काल त्याच्या स्टेटसला तोच बुडणारा तुकडा पुन्हा दिसला. आता भाव ५२० आहे.