फ्रँकोचा स्पेन आणि पिनोचेचा चिली: विचारसरणीची पकड कुठे किती?

दोघेही लष्करी हुकूमशहा, दोघेही कट्टर कम्युनिस्टविरोधी. आर्थिक धोरणं मात्र दोन टोकांची.

फ्रँकोने 1939 नंतर स्वयंपूर्णतेचा हट्ट धरला. आयातीला परवाने आले, गव्हाचे भाव सरकारने बांधले. ते इतके कमी होते की गहू काळ्या बाजाराकडे वळला, आणि रेशनिंग 1952 पर्यंत टिकलं. परकीय चलन संपत आलं तेव्हा कुठे 1959 ची, अर्थव्यवस्था खुली करणारी स्थिरीकरण योजना आली आणि डॉलरचा दर 60 पेसेटा ठरला. फ्रँकोचं मन वळलं नव्हतं, तिजोरी रिकामी झाली होती.

पिनोचेने 1975 पासून शिकागो विद्यापीठात शिकलेल्या, खुल्या बाजाराच्या कट्टर समर्थक अर्थतज्ज्ञांना मोकळं रान दिलं. तिथे विचारसरणीचा जोर जास्त, असं वाटतं. तपशील वेगळं सांगतो. 1979 मध्ये डॉलर 39 पेसोंना बांधला, पण वेतनं मागच्या महागाईशी जोडलेली राहिली. त्यामुळे पेसो प्रत्यक्षात महागला, डॉलर स्वस्त वाटू लागला आणि डॉलरमधली कर्जं फुगली. 1982 मध्ये राष्ट्रीय उत्पन्न सुमारे 14 टक्के घसरलं आणि जानेवारी 1983 मध्ये याच खुल्या बाजारवाल्यांनी बँका सरकारी ताब्यात घेतल्या. तांब्याच्या मोठ्या राष्ट्रीयीकृत खाणी तर विकल्याच नाहीत: त्यांच्या निर्यातीच्या कमाईतले 10 टक्के थेट लष्कराला जात होते.