नेत्यांची देहबोली शिकवणारा ऑनलाइन कोर्स: सगळं आहे, कॅमेरा सोडून

टीव्ही मुलाखतींमध्ये नेत्यांची देहबोली कशी ओळखायची, हे शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स नुकताच पूर्ण केला. मी स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये व्हिजन मिक्सरवर बसते. कोणता कॅमेरा कधी पडद्यावर जाणार, ते बटण माझ्या हाताखाली असतं. त्यामुळे सरांचं बोलणं जरा तिरक्या नजरेनंच ऐकलं, हे आधीच सांगते.

आवाज बंद करून मुलाखत पाहायचा सराव मात्र झकास. आधी नुसतं चित्र, मग नुसता आवाज, मग दोन्ही. दर वेळी आपलं मत लिहून ठेवायचं. माझी तिन्ही मतं वेगळी निघाली. १९९२ च्या अमेरिकी अध्यक्षीय डिबेटचा धडाही चांगला: एक बाई राष्ट्रीय कर्जाबद्दल विचारतेय आणि थोरले बुश घड्याळ बघताहेत!

पुढे गाडी घसरते. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हे सर छातीठोकपणे सांगतात. हा आकडा मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचा; त्यांचे १९६७ चे प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो यांवरचे. त्यात जोखली होती ती आवड-नावड. अर्थसंकल्पावरच्या मुलाखतीला तो आकडा कसा लागू होणार? हाताची घडी म्हणजे लपवाछपवी, हाही एक नियम. अहो, स्टुडिओतला एसी किती असतो!

अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची केनेडी-निक्सन डिबेट अर्थातच आहे, २६ सप्टेंबर १९६० ची. रेडिओवाल्यांना निक्सन सरस वाटले, टीव्हीवाल्यांना केनेडी, ही नेहमीची गोष्ट. ती ज्या पाहणीवरून सांगतात, तिच्यात रेडिओ ऐकणारे मोजकेच होते, हे सर सांगत नाहीत. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेले, वजन उतरलेलं, फिकट पार्श्वभूमीपुढे फिकट करडा सूट. यात देहबोली किती आणि आजारपण किती? शिवाय समोरचा बोलत असताना घाम पुसणारे निक्सन दिसले, ते कुणीतरी तो रिअॅक्शन शॉट घेतला म्हणून.

नेमकं हेच कोर्समध्ये नाही. गोल फिरणारी खुर्ची दिली की भलाभला नेता डुलायला लागतो आणि अस्वस्थ दिसतो. म्हणून आमचा फ्लोअर मॅनेजर ती आधी बदलतो. खोल सोफ्यात माणूस आळशी वाटतो. बाहेरगावाहून लाइव्ह जोडलेल्या पाहुण्याला तर अँकर दिसतच नाही. कानातल्या इअरपीसमध्ये प्रश्न उशिरा पोचतो, तेवढा वेळ तो चौकटीत नुसता बघत राहतो, आणि प्रेक्षक म्हणतात, ‘बघ, उत्तर सुचेना!’ यावर एकही धडा नाही.

पाचपैकी तीन तारे, तेही आवाज बंद करण्याच्या सरावासाठी. ‘खोटं कसं पकडावं’ हा शेवटचा भाग सरळ सोडून द्या. माणसांना खोटं कितपत ओळखता येतं, याच्या २००६ मधल्या एका मोठ्या आढाव्यात सरासरी ५४ टक्के निघाली होती. नाणं उडवलं तरी ५० येतातच.