संगीत कोणाचं? पेड म्युझिक ॲपचे आठ महिने

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री मी एका म्युझिक ॲपचा फॅमिली प्लॅन घेतला. आता कार्तिक संपत आला, म्हणजे आठ महिने झाले. हे सगळे महिने ॲप रोज वापरलं गेलं. मी नाशिकमध्ये इंदिरानगरहून कॅनडा कॉर्नरला ऑफिसला जाताना ऐकते, आई स्वयंपाकघरात छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकते आणि बहीण पुण्यात तिच्या फ्लॅटवर. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याआधी दोन ॲप फुकटात वापरली होती, तिथेही असाच अनुभव होता, त्यामुळे एकट्या कंपनीला धरून उपयोग नाही.

पैसे भरायचं कारण गीतरामायण. पाडवा ते रामनवमी या नऊ दिवसांत आईला ते पूर्ण ऐकायचं असतं. गाणी छप्पन्न. रोज सहा, आणि नवमीला उरलेली आठ, असा तिचा हिशोब कित्येक वर्षांचा आहे. कॅसेट होत्या तोवर ते जमत होतं. नंतर फुकटच्या ॲपवर लावून दिलं तर तिथे शफलशिवाय पर्याय नाही. पहिल्याच दिवशी युद्धाचं गाणं लागलं, मग स्वयंवर, मग एक जाहिरात आणि त्यानंतर रामजन्म. आईने स्पीकर बंद केला आणि काही न बोलता कणीक मळायला घेतली. गीतरामायण ही एक सलग गोष्ट आहे. कुश-लव रामासमोर गायला उभे राहतात तिथे ती सुरू होते आणि एकेक गाणं पुढच्याला जागा करून देतं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं गेलं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवं गाणं येत राहिलं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. लोक पुढच्या गाण्यासाठी आठवडाभर थांबत होते. अशा रचनेला शफल लावणं म्हणजे पोथीची पानं विस्कटून वाचायला देणं.

पैसे भरल्यावर शफल गेलं, जाहिराती गेल्या. पण क्रम काही आपोआप लागला नाही. छप्पन्न गाणी वेगवेगळ्या अल्बममध्ये वाटलेली, त्यांची नावं रोमन लिपीत आणि स्पेलिंग तीन तऱ्हेची. काही ठिकाणी पहिल्या भागानंतर थेट दहावा. मधेच दुसऱ्या गायकाने गायलेली आवृत्ती, मधेच हिंदी अनुवाद. रेडिओवर मुळात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे अनेकजण गायले होते, पण आईला सुधीर फडक्यांच्या आवाजातलंच हवं, कारण घरात तेच वाजत आलंय. दोन संध्याकाळी बसून मी छप्पन्न गाण्यांची प्लेलिस्ट हाताने केली. शेवटचं गाणं जागेवर बसलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. या वर्षीचे नऊ दिवस फार छान गेले, हे मला मनापासून सांगायचंय. संध्याकाळी देवापुढे दिवा, शेजारच्या काकू येऊन बसलेल्या आणि मधे एकही जाहिरात नाही. शूर्पणखेचं गाणं लागलं की काकू दरवर्षी सांगतात की हे इथलंच, आपल्या पंचवटीतलं. या वर्षीही सांगितलं.

आवाजाबद्दल तक्रार नाही. सर्वांत वरच्या दर्जाला, म्हणजे ३२० केबीपीएसला, तासाला सुमारे १४४ एमबी डेटा जातो. घरी वायफाय आहे, तिथे प्रश्न नाही. महिन्यातून एकदा कामासाठी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाते, तेव्हा आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवते. इगतपुरी सोडली की घाटात बोगदे सुरू होतात आणि नेटवर्क जातं, पण डाउनलोड केलेलं गाणं अडत नाही. या एका सोयीसाठी मी या ॲपला पूर्ण गुण देईन. ‘सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवा’ हे सेटिंग मात्र जुन्या रेकॉर्डींसाठी बंद करा. ते चालू असलं की माझ्याकडे जुन्या नाट्यपदांची खरखर गाण्याइतकीच पुढे येत होती.

आता मुख्य गोष्ट. ॲप घेतल्यावर आठवड्याभरातच आई विचारायला लागली.

“अगं, हे कोणाचं?”

“देवकी पंडित, आई.”

“गायलंय कोणी ते कळतंय मला. लिहिलंय कोणी? संगीत कोणाचं?”

मी फोन हातात घेतला. गाण्याच्या नावाखाली गायिकेचं नाव होतं. तीन टिंबं दाबली, ‘क्रेडिट्स’ उघडलं. तिथे पुन्हा गायिकेचं नाव आणि खाली म्युझिक कंपनीचं. बास. ते ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत होतं. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठीवर ही मालिका सुरू झाली, त्याच वाहिनीचं पुढे झी मराठी झालं. शब्द मंगेश कुळकर्णींचे, संगीत अशोक पत्कींचं. मला पाठ होतं म्हणून सांगता आलं. पण ॲपमध्ये ते कुठेच नव्हतं, आणि ‘वादळवाट’च्या गीताला गेले तर तिथेही हीच जोडी गायब.

आईचा हा प्रश्न रेडिओने घडवलाय. विविध भारतीवर निवेदक गाण्याआधी चित्रपट, गीतकार, संगीतकार, गायक सगळं सांगतात. ती सवय आमच्या घरात १०१.४ वर, नाशिक आकाशवाणीवर, रोज सकाळी पक्की होत गेली. आईची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात डावीकडे गाणं आणि उजवीकडे ‘गी.’ ‘सं.’ ‘गा.’ असे तीन रकाने. पूर्वी ती रेडिओ ऐकता ऐकता पेन घेऊन भरायची. ॲप आल्यापासून वहीचे ‘गी.’ आणि ‘सं.’ हे दोन रकाने रिकामे राहायला लागले. कोट्यवधी गाणी खिशात घेऊन फिरणाऱ्या ॲपला जे सांगता येत नाही, ते रेडिओवरचा निवेदक तीस सेकंदांत सांगून जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मराठीत हा नुसता माहितीचा प्रश्न नाही. आपण गाणी शोधतोच मुळी संगीतकार आणि कवीच्या नावाने. ‘खळेकाकांचं काहीतरी लाव’ असं म्हणतो. ‘शांताबाईंचं’, ‘ग्रेसांचं’ असं म्हणतो. ॲपमध्ये ‘श्रीनिवास खळे’ देवनागरीत टाकलं तर सात गाणी आली, रोमनमध्ये टाकलं तर दुसरीच वीस-बावीस. फडके ‘पीएच’ने वेगळे, ‘एफ’ने वेगळे. एकाच माणसाची दोन-दोन पानं झाली आहेत आणि गाणी त्यांत विभागली गेली आहेत. गाण्यांसोबतची ही माहिती म्युझिक कंपन्या आणि वितरक ॲपला पुरवतात. गीतकार आणि संगीतकार यांचे रकाने त्या फॉर्ममध्ये असतात, कोणीतरी ते रिकामे सोडलेले असतात. त्यात पैशाचाही भाग आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून करारात लिहून घेऊन काढता येणार नाही, असं ठरलं. नावच नोंदलेलं नसेल तर तो वाटा कोणाच्या दारात जाणार?

याच्या उलट ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ बघा. गीत, संगीत, स्वर, राग ठाऊक असेल तर राग, आणि पूर्ण शब्द देवनागरीत, ळ च्या जागी ळ. मी आता गाणं ॲपवर लावते आणि माहिती तिथे वाचते. दोन खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. एकीकडे पैसे भरते, दुसरीकडे भरत नाही, आणि जिथे भरत नाही तिथे गाण्याची जास्त कदर आहे.

पलुस्करांचं प्रकरण तर मला नाशिककर म्हणून लागलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात ते नाशिकला आले, पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, १९२१ साली नाशिकलाच जन्मले. वडील १९३१ ला गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. पुढे तो केवढा गवई झाला, आणि १९५५ साली, चौतिसाव्या वर्षी, गेला. ॲपमध्ये ‘व्ही. डी.’ आणि ‘डी. व्ही.’ ही अक्षरं उलटीसुलटी होऊन बापलेकांचं एकच पान झालं होतं. मुलाच्या भजनांवर पगडी घातलेल्या वडिलांचा फोटो. मी मे महिन्यात तक्रार केली. दोन दिवसांनी ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं आणि काही हललं नाही. मग जूनमध्ये पुन्हा लिहिलं, या वेळी दोघांची जन्म-मृत्यूची सालं आणि चुकीच्या पानावरच्या अकरा गाण्यांची यादी जोडली. सात आठवड्यांनी फोटो बदलला आणि अकरापैकी नऊ गाणी योग्य नावावर गेली. म्हणजे सांगितलं तर होतं. तुम्हाला अशी चूक दिसली तर नुसतं ‘चुकीचं आहे’ लिहू नका, बरोबर काय ते यादी करून पाठवा.

मालिकांच्या शीर्षकगीतांसाठी आम्ही तिघी मैत्रिणींनी एक सामाईक प्लेलिस्ट केलीय. एक नाशिकरोडला, एक पिंपळगाव बसवंतला, तिसरी मी. आत्ता तिच्यात ७४ गाणी आहेत. ‘गोट्या’पासून सुरुवात होते. शाळेतून येऊन पाठीवरचं दप्तर न काढता टीव्हीसमोर उभं राहायचे ते दिवस त्या सुरांत आहेत. शीर्षकगीत हा मराठी भावगीताचा शेवटचा मोठा मुक्काम आहे असं मी मानते. दीड मिनिटाच्या जागेत कवी, संगीतकार आणि गायक यांनी जे करून ठेवलंय ते त्या मालिकांच्या हजार भागांपेक्षा जास्त टिकलं. या प्लेलिस्टमध्ये प्रत्येकीने गाणं टाकलं की गीतकार-संगीतकाराचं नाव शोधून वर्णनाच्या जागेत लिहायचं, असा नियम आहे. वर्णनाची जागा तीनशे अक्षरांतच संपली, म्हणून आता यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो.

मधे चार महिने एक व्हिडिओ ॲपही घेतलं होतं, याच जुन्या मालिका बघायला. ते बंद केलं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ‘इंट्रो वगळा’ असं बटण येतं. आम्ही ज्यासाठी बसतो तेच वगळा म्हणतात. बटण दाबलं नाही तरी काही मालिकांत गाणं पहिल्या भागापुरतंच ठेवलंय, पुढे कापलंय. भाग संपल्यावर नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पाच सेकंदांत पुढचा भाग. श्रेयनामावली वाचायला मी रिमोट हातात घेऊन तयार बसायचे, तरी संगीतकाराचं नाव एकदाही नीट वाचता आलं नाही.

म्युझिक ॲपचं आणखी एक दुखणं म्हणजे राखाडी होणारी गाणी. श्रावणात एका सकाळी गीतरामायणाच्या प्लेलिस्टमधली तीन गाणी राखाडी झाली. दाबलं तरी वाजत नाहीत. ॲपचा म्युझिक कंपनीशी असलेला करार संपला की असं होतं, हे नंतर कळलं. दोन गाणी दुसऱ्या अल्बममध्ये सापडली, ती लावली. तिसरं अजून नाही. डाउनलोड केलेलं होतं, तरी गेलं. डाउनलोड म्हणजे आपल्या मालकीचं नव्हे, हे आठ महिन्यांत नीट समजलं. हातातली कॅसेट कोणी येऊन परत नेत नव्हतं. येत्या पाडव्याआधी त्या संचाची सीडी घ्यायचं ठरवलंय, आईला सांगितलेलं नाही.

गाणी संपल्यावर ॲप स्वतःहून पुढचं लावतं, ते पहिल्याच दिवशी बंद करा. सकाळी अभंग संपला आणि पाठोपाठ डीजेवाली लावणी देवघरात वाजली, हे आमच्याकडे दोनदा झालं. सुचवलेली मराठी गाणी बहुतेक तीच ती वीस. शब्द दाखवायची सोय हिंदीला बरी, मराठीला तुरळक.

पैशाचं सांगायचं तर फॅमिली प्लॅन महिना दोनशेच्या आत आहे. आपोआप कापले जातात, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे किमान चोवीस तास आधी मेसेज येतो. तो वाचत जा, रद्द करायचं तर तीच वेळ.

दिवाळीत पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला आई आणि मी गेलो होतो. पहाटेची थंडी, सतरंजीवर दाटीने बसलेली माणसं. निवेदकाने गाण्याआधी कवीचं नाव घेतलं, मग संगीतकाराचं, आणि शेजारी आईने पिशवीतून निळी वही काढली.

ॲप मी चालू ठेवलंय. घाटात गाणं न तुटणं आणि आईचे नऊ दिवस, एवढ्यासाठी ते पैसे मला जड वाटत नाहीत. वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो, तरी घेतलेला नाही, महिन्याचाच ठेवलाय. कालच तिसरी तक्रार पाठवली: पलुस्करांची उरलेली दोन गाणी, आणि ७४ शीर्षकगीतांपैकी ज्या ५१ ची नावं आम्हाला खात्रीने माहीत आहेत त्यांचे गीतकार आणि संगीतकार, देवनागरीत.