मोबाइलची क्लिपवाली मॅक्रो लेन्स आणि ठाण्यातले लेडीबग: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

जूनमध्ये मोबाइलला लावायची साधी क्लिपवाली मॅक्रो लेन्स घेतली, आता मार्च संपत आलाय. घेताना हेतू एकच होता. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या बागेत दिसणारे लेडीबग नुसते टिपायचे नाहीत, ते कोणते हे ओळखता आलं पाहिजे. या कामाला लेन्स पुरते. महागड्या कॅमेऱ्यात पैसे घालण्याआधी हीच वापरून बघा, असं मी ठामपणे सांगेन.

कारण ठिपके मोजून लेडीबग ओळखता येत नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा चेलोमेनेस सेक्समॅक्युलाटा घ्या. एकाच फांदीवर एकाच्या पिवळट-नारिंगी पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असतात, तर शेजारचा जवळजवळ काळाच असतो. जात मात्र एकच! खात्री पटते ती डोक्यामागच्या छोट्या ढालीवरून, म्हणजे प्रोनोटमवरून. चेलोमेनेसची ढाल फिकट, त्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस या दुसऱ्या जातीची ढाल काळी, फक्त पुढच्या कोपऱ्यांत नारिंगी डाग. किडाच जेमतेम पाच मिलिमीटरचा, त्यामुळे नुसत्या मोबाइलच्या झूममध्ये ही खूण विरघळून जाते. लेन्समधून ती स्वच्छ दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे झाड. फोटोत झाड आलंच पाहिजे. येऊरच्या रस्त्याकडेच्या रुईवर पिवळा मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) असतो, तिथे हे मावाखाऊ लेडीबग हमखास. त्यांच्या अळ्याही तिथेच: काळपट, काटेरी, लांबट, सहा पायांवर भराभर चालणाऱ्या. एका अळीने मावा तोंडात धरून वर उचलला होता आणि त्याचे पाय अजून हलत होते, हे मला लेन्समधूनच कळलं. याच अळ्यांना कीड समजून आमच्या सोसायटीत फवारणी होते, याचं फार वाईट वाटतं. भोपळ्याच्या पानावर पांढरी भुरी असेल तर तिथे लिंबासारखा पिवळा इलेइस नावाचा लेडीबग शोधा. हा किडे खात नाही, भुरीची बुरशीच खातो. आणि पाड्यावरच्या मावशींच्या वांग्याच्या वाफ्यात पान जाळीदार कुरतडलेलं दिसलं, तर तो शेतकऱ्याचा मित्र नव्हे, एपिलॅक्ना, म्हणजे पानं खाणारा लेडीबग. त्याची पाठ चकचकीत नसते. तिच्यावर बारीक लव असते आणि लेन्समधून ती लव एकेक करून दिसते. मावशींना मोबाइलवर दाखवली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वाफ्यातली पानंही उलटून बघायला घेतली.

आता तक्रारी. फोनचं कव्हर काढल्याशिवाय क्लिप सरळ बसत नाही, आणि जरा सरकली की फोटोचा एक कोपरा धूसर होतो. तीन कॅमेऱ्यांचा फोन जवळ नेल्यावर आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, म्हणून प्रो मोडमध्ये मुख्य कॅमेरा पक्का करून ठेवावा लागतो. किड्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं. तेवढ्यात तो पाय आखडून खाली पडतो किंवा उडतो, त्यामुळे सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत जाणं उत्तम. फोकस इतका पातळ की ढाल स्पष्ट आली तर पाठीचा मागचा भाग जातो. वारा असेल तर देठ डाव्या हाताने धरायचा, उजवं मनगट त्याच हातावर टेकवायचं आणि बर्स्ट, म्हणजे एकामागून एक सलग फोटो, चालू ठेवायचा. चकचकीत पाठीवर आभाळ उमटतं, त्यावर बटर पेपरचा तुकडा मध्ये धरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवली नाही तर बुरशी धरेल.

ओळखीसाठी मी आयनॅचरलिस्ट या जीवजंतूंच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर वरून, समोरून, बाजूने आणि झाडाचा असे फोटो एकत्र टाकतो. आपोआप सुचलेल्या नावावर थांबत नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या संकेतस्थळावरच्या भारतीय लेडीबगच्या चित्रांशी ताडून बघतो. मिशाही तपासा: लेडीबगच्या आखूड, टोकाला जाडसर. पानभुंग्यांच्या लांब असतात, आणि त्यातले काही अगदी लेडीबगसारखे दिसतात.

स्किम्नससारख्या दोन मिलिमीटरच्या काळपट जातींपुढे मात्र ही लेन्स हरते. अशांची जात नुसत्या फोटोवरून सांगणं जाणकारांनाही अवघड जातं, त्यामुळे मी त्या फक्त वंशापर्यंत, म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंतच नोंदवतो. बाकी कामाला पाचशेच्या आत मिळणारी ही लेन्स मी पुन्हा घेईन. फक्त क्लिपचं रबर जाड आहे का, हे दुकानातच स्वतःच्या फोनवर लावून बघून.